मात्रेची मुदत

साशंक : हिंजवडीपासून माणपर्यंत आणि पुढे नांदे-चांद्याच्या शिवारापर्यंत मुळशी तालुक्यातील भातखाचरांवर गेल्या पाव शतकात जी उद्योगनगरी उभी राहिली, तिच्यात संगणकाच्या कचेऱ्यांच्या जोडीने औषधसंशोधनाची केंद्रेही आली, आणि या परिसरातील तरुण रसायनतज्ज्ञ ज्या विषयाबद्दल विशेष उमेदीने बोलतात, तो विषय म्हणजे पॉलिमरचे असे सूक्ष्म कण घडवणे, की ज्यांच्या पोटात औषध साठवलेले असावे आणि एकदा टोचल्यावर ते आठवडेच्या आठवडे ठरल्या प्रमाणात शरीरात उतरत राहावे. ही उमेद खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु येथून फार दूर नसलेल्या पिंपरीत १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने जेव्हा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, तेव्हा त्या उद्योगाचा हेतू कोणालाही एका वाक्यात सांगता येत असे : जे औषध परदेशातून येते आणि गरिबाच्या आवाक्याबाहेर राहते, ते येथे बनवावे आणि सर्वांना पुरवावे. आपल्या या कणांचा हेतू तितक्या थोडक्यात सांगता येईल काय? ज्या मुलखात साध्या गोळ्यांचाच पुरवठा सरकारी दवाखान्यात वर्षभर टिकत नाही, तेथे तीच औषधे अधिक दुर्घट आणि अधिक महाग रूपात देण्याची तजवीज कोणासाठी चालली आहे, ही माझी पहिली शंका आहे.

पुरस्कर्ता : आपण पेनिसिलिनचे नाव काढलेत हे बरे झाले, कारण माझ्या बाजूचा पहिला पुरावा तेच औषध आहे. महायुद्धाच्या काळात पेनिसिलिनचे इंजेक्शन रात्रंदिवस दर तीन तासांनी द्यावे लागे, कारण मूत्रपिंडे ते इतक्या त्वरेने बाहेर टाकतात की सुमारे अर्ध्या तासात रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते. औषधाची टंचाई एवढी होती, की आरंभीच्या दिवसांत रुग्णाच्या लघवीतून ते परत मिळवून त्याच रुग्णाला पुन्हा देत असत. १९४४ साली अमेरिकेत शेंगदाण्याचे तेल आणि मधमाश्यांचे मेण यांत पेनिसिलिन कालवून ते टोचण्याची रीत निघाली, ती याच अडचणीतून. नंतर प्रोकेन पेनिसिलिन आले, बेंझाथिन पेनिसिलिन आले, आणि तीन तासांची मुदत तीन-चार आठवड्यांपर्यंत गेली. म्हणजे औषध लांबवण्याची गरज कोणा व्यापाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. औषध हाती येताच ती परिचारिकेच्या रात्रपाळीत आणि रुग्णाच्या सुजलेल्या दंडात प्रकट झाली. मेण, तेल, अविद्राव्य क्षार ही तिची पहिली उत्तरे होती, आणि पॉलिमर हे त्यांपुढचे, अधिक हिशेबी उत्तर आहे. हिशेबी मी अशासाठी म्हणतो, की मेणातून औषध किती वेगाने सुटेल हे मेणाच्या लहरीवर होते, तर पॉलिमरच्या बाबतीत तो वेग आधी मांडता येतो. १९६१ साली ताकेरू हिगुची यांनी दाखवून दिले, की घन माध्यमात कोंडलेले औषध बाहेर पडते ते काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १९६४ साली ज्यूडा फोकमन आणि डेव्हिड लाँग यांनी सिलिकोन रबरातून औषध दीर्घकाळ झिरपवता येते हे सिद्ध केले. आणि १९७६ साली रॉबर्ट लँगर यांनी फोकमन यांच्याबरोबर प्रथिनांसारखे अवजड रेणूही पॉलिमरमधून संथपणे सोडता येतात हे दाखवले, जे अशक्य आहे असे तोवर बहुतेक तज्ज्ञ समजत होते.

साशंक : सूत्रे मला मान्य आहेत, परंतु सूत्र काचपात्रातले आणि कण स्नायूतला. आत गेल्यावर तो कण नेमके काय करतो ते सांगा, म्हणजे माझी दुसरी शंका मला नीट मांडता येईल.

पुरस्कर्ता : आज सर्वाधिक वापरात असलेला पॉलिमर लॅक्टिक आणि ग्लायकोलिक या दोन आम्लांच्या साखळीचा आहे, शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके ज्या कुळातले, त्याच कुळातला. औषध आणि पॉलिमर डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकात घेऊन ते मिश्रण पॉलिव्हिनिल अल्कोहोल घातलेल्या पाण्यात वेगाने ढवळले, की त्याचे थेंब होतात; द्रावक उडून जातो, थेंब घट्ट होतात, आणि उरते ती काही दशक मायक्रॉन व्यासाच्या कणांची भुकटी, जी सुईतून सहज जाते. साबणाची वडी बाहेरून झिजत लहान होते तसा हा कण झिजत नाही. पाणी त्याच्या अंतर्भागापर्यंत शिरते, साखळ्या सर्वत्र एकाच वेळी तुटू लागतात, आणि तुटलेल्या टोकांचे आम्ल आतच साचून उरलेल्या साखळ्यांचे तुटणे आणखी वेगवान करते. त्यामुळे पुष्कळदा कण बाहेरून शाबूत दिसत असतानाच आतून पोकळ होत जातो. दोन्ही आम्ले निम्मी-निम्मी असली तर काम आठवड्यांत संपते, लॅक्टिकचे प्रमाण वाढवले तर महिने लागतात. शेवटी जे उरते ते शरीराला अपरिचित नसते, आणि कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी होऊन निघून जाते. एखाद्या पदार्थाने आपले काम करावे आणि मागे काही न ठेवता जावे, याहून अधिक नेकीची अपेक्षा औषधाच्या वाहकाकडून कोणती करावी?

साशंक : वाहक नाहीसा होतो हे आपण सांगितलेत, तो आज्ञेवरून नाहीसा होत नाही हे सांगितले नाहीत. माझी दुसरी शंका येथे उभी राहते. गोळी सोसली नाही तर रुग्ण उद्याची गोळी घेत नाही, आणि त्याचा देह एक-दोन दिवसांत त्या औषधातून मोकळा होतो. वैद्यकाच्या सर्व इतिहासात रुग्णाच्या हाती जर काही निर्विवाद अधिकार राहिला असेल, तर तो हाच, की पुढली मात्रा तोंडात घालायची की नाही. कण एकदा स्नायूत विखुरले, की ते वेचून काढणारा शल्यविशारद अजून जन्मला नाही. त्यातून जे प्रमाण आपण हिशेबी म्हणता, तेही सुरुवातीला ढळते, कारण कणाच्या पृष्ठालगत असलेले औषध पहिल्या एक-दोन दिवसांत एकदम सुटते. आपल्याच शास्त्राचे ग्रंथ त्याला आरंभीचा उद्रेक म्हणतात. तोंडावाटे घ्यायच्या प्रकारांत तर हा धोका घरोघरी वावरतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' ही अक्षरे असतात, त्यांतील पुष्कळ गोळ्या मोडून अर्ध्या घ्यायच्या नसतात. पण ती सूचना पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत असते, आणि मोठी गोळी गिळवत नाही म्हणून ती कुटून पाण्यातून देणारी सून सासूची सेवाच करत असते, तिला कोणी दोष देऊ नये. अमेरिकेत २००५ साली हायड्रोमॉर्फोन या अफूच्या कुळातील वेदनाशामकाची एक दीर्घक्रिय कॅप्सूल बाजारातून मागे घ्यावी लागली, कारण मद्याबरोबर घेतल्यास तिच्यातला चोवीस तासांचा साठा एकदम सुटण्याची भीती होती. आणि १९९६ साली तेथेच त्याच कुळातील ऑक्सिकोडोनची जी दीर्घक्रिय गोळी विक्रीस आली, तिच्या अधिकृत माहितीपत्रात, औषध सावकाश शोषले जात असल्याने दुरुपयोगाची शक्यता कमी होते असे मानले जाते, या आशयाचा मजकूर होता. तो २००१ साली काढून टाकला, परंतु तोवर त्या मजकुराच्या आधारावर जी विक्री व्हायची ती झाली होती. लोक गोळी चुरडत आणि बारा तासांचे औषध एका श्वासात ओढत. संथपणाचा दाखला जेव्हा सुरक्षिततेचा दाखला म्हणून विकला जातो, तेव्हा काय अनर्थ होतो याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

पुरस्कर्ता : त्या प्रकरणात पॉलिमरची बाजू घेण्याचा मी प्रयत्नही करणार नाही, तेथे जे घडले ते निंद्य होते. मात्र त्यावरून सर्व दीर्घक्रिय औषधांना एकाच कैफियतीत गोवू नका, कारण काही ठिकाणी हाच कण रुग्णाला अधिक मोकळा करतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगात पुरुषी संप्रेरक थांबवावे लागते. ल्युप्रोलाइड हे औषध आरंभी रोज १ मिलिग्रॅम, म्हणजे महिन्याला ३० मिलिग्रॅम, टोचून घ्यावे लागे. १९८९ साली अमेरिकेत याच लॅक्टिक-ग्लायकोलिक पॉलिमरच्या कणांचे मासिक इंजेक्शन मंजूर झाले, आणि त्यात ७.५ मिलिग्रॅम पुरे पडू लागले. चौथाई औषध आणि एकोणतीस टोचण्यांची सुटका! आता यापुढचे पाहा. या औषधाला आपल्या देशातील पर्याय कोणता? वृषणे काढून टाकण्याची शस्त्रक्रिया. ती स्वस्त आहे, एकदाच करावी लागते, आणि म्हणून आपल्या रुग्णालयांत असंख्य वृद्ध ती पत्करतात. महिन्याने ज्याचा अंमल ओसरतो तो कण आपल्याला अपरिवर्तनीय वाटतो. मग या शस्त्रक्रियेस आपण काय म्हणाल? त्या वृद्धाला पुनर्विचाराची संधी देणारी वस्तू पॉलिमर आहे, आणि ती हिरावून घेणारी वस्तू गरिबी आहे.

साशंक : हे आपले सर्वांत बळकट विधान आहे, आणि मी ते मानतो. ज्याला मी कुलूप समजत होतो ते काहींच्या बाबतीत दार आहे, ही दुरुस्ती मी माझ्या मतात करून घेतो. पण याच विधानाने मी माझ्या पहिल्या शंकेवर परत येतो, कारण त्या वृद्धाने शस्त्रक्रिया पत्करली ती कणाच्या किमतीमुळे. आपण मघाशी बेंझाथिन पेनिसिलिनचा गौरव केलात. संधिवाताच्या ज्वराने ज्या मुलांच्या हृदयाच्या झडपा बिघडतात, त्यांना तीन-चार आठवड्यांनी एकदा हे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. त्यात पॉलिमर नाही, मक्तेदारी नाही, आणि किंमत नगण्य आहे. त्याची गत काय झाली? त्याच्या जगभरच्या तुटवड्याची दखल २०१६ साली जागतिक आरोग्य सभेला घ्यावी लागली, कारण ज्यात नफा नाही ते बनवण्यास कारखानदार उरेनात. म्हणजे औषध लांबवण्याची एक उत्तम, सोपी रीत उपलब्ध असून ती उपाशी मरते आणि भांडवल कणांकडे धावते. ते का धावते, हे आपल्या पेटंट कायद्याच्या कर्त्यांनी बरोबर ओळखले होते. २००५ च्या दुरुस्तीने घडलेल्या कलम ३(डी) च्या स्पष्टीकरणात, ज्ञात द्रव्याची जी रूपे परिणामकारकता लक्षणीय वाढल्याखेरीज नवे द्रव्य मानायची नाहीत त्यांची यादी आहे, आणि त्या यादीत कणांचा आकार हा स्पष्ट शब्दांत नमूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिस कंपनीच्या प्रकरणात परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातील परिणामकारकता असा अर्थ लावला. रोजची गोळी महिन्याची झाली म्हणून रोग अधिक बरा होतो काय, हा प्रश्न आपल्या पक्षाने टाळू नये.

पुरस्कर्ता : टाळत नाही. जेथे गोळी चुकल्याने रोग उलटतो तेथे मुदत हीच परिणामकारकता आहे. जेथे तसे नाही तेथे ती केवळ सोय आहे, आणि सोयीसाठी मक्तेदारी मागू नये. इतके मी मोकळेपणाने मान्य करतो. परंतु किमतीवरचा उपाय म्हणून आपण जर या विद्येकडे पाठ फिरवा असे सुचवत असाल, तर ते उलट्या दिशेचे पाऊल होईल. हे कण महाग राहतात याचे एक कारण असे, की पेटंटची मुदत सरल्यावरही त्यांची नक्कल करणे फार कठीण असते. साध्या गोळीत रेणू तोच आणि रक्तातील प्रमाण तेच, की काम झाले. येथे दोन आम्लांचे प्रमाण, साखळीची लांबी, तिच्या टोकाचे स्वरूप, ढवळण्याचा वेग, उरलेला द्रावक, यांपैकी एक जरी हलले तरी महिन्याचे वेळापत्रक बिघडते, आणि ते बिघडले हे कळायलाही महिना लागतो. रिस्पेरिडोनच्या कणांचे इंजेक्शन अमेरिकेत २००३ साली मंजूर झाले. ज्या लुपिन कंपनीचे संशोधन केंद्र माणच्या शेजारच्या नांद्यात आहे, तिने २०१४ साली नेदरलँड्समधील नॅनोमी ही एकसारखे कण घडवण्याच्या तंत्राची कंपनी विकत घेतली, आणि त्या तंत्रावर आधारलेल्या तिच्या रिस्पेरिडोन इंजेक्शनाला अमेरिकी औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली ती २०२५ साली. बावीस वर्षांची ही तफावत भरून काढणारे हात या मुलखात तयार होणे, हाच किमतीचा खरा उतारा आहे. आणि ही विद्या येथे परकी नाही. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, रघुनाथ माशेलकरांच्या पिढीने पाणी पिऊन फुगणाऱ्या जेलमधून पदार्थ कसे वाहतात याचा सखोल अभ्यास केला होता. स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ते कोरडवाहू पिकाच्या मुळांना सावकाश देणारा 'जलशक्ती' नावाचा पॉलिमर त्याच प्रयोगशाळेतला. मुळाला पाणी आणि स्नायूला औषध यांची गणिते एकमेकांपासून फार दूर नाहीत.

साशंक : विद्या आहे आणि हात आहेत, हे ठीक, पण आपण उदाहरण निवडलेत ते रिस्पेरिडोनचे, आणि तेथेच मला सर्वांत अधिक थांबावेसे वाटते. हे औषध छिन्नमनस्कतेच्या रुग्णांना देतात. त्या मूळ इंजेक्शनातील कण टोचल्यावर जवळजवळ तीन आठवडे मुख्य साठा सोडतच नाहीत, म्हणून तेवढे दिवस गोळ्याही चालू ठेवाव्या लागतात. त्याचे पुडके शीतपेटीत ठेवावे लागते, कारण हा पॉलिमर उष्णतेने मऊ पडतो, आणि वैशाखात ज्या उपकेंद्राची वीज दुपारभर नसते तेथे त्याचे काय होईल हे सांगायला नको. पण या अडचणी रसायनाच्या आहेत, त्या सुटतील. न सुटणारी गोष्ट अशी, की ज्याच्या मनावर आजाराचा पगडा आहे त्याची संमती घेण्याचा खटाटोप ज्यांना नकोसा झाला आहे, त्यांच्या हाती आपण असे साधन देता, ज्याने एका दिवसाच्या सक्तीत दोन आठवड्यांचा अंमल बसवता येतो. स्त्रियांच्या संततिनियमनात हेच घडू पाहत होते. नेट-एन या दीर्घक्रिय इंजेक्शनाच्या चाचण्यांत बायकांना पुरते न सांगता सामील केले जात असल्याचे दिसल्यावर हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने इतर संघटनांसह १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्या बायकांचा आक्षेप रसायनावर नव्हता. परत घेता न येणारी वस्तू, जिला नाही म्हणण्याची सवय कोणी लावलेली नाही अशा बाईच्या दंडात टोचण्यावर होता.

पुरस्कर्ता : तो आक्षेप रास्त होता, आणि आजही कोणत्याही दीर्घक्रिय औषधाच्या मंजुरीपूर्वी तो फाइलीच्या पहिल्या पानावर असावा. परंतु छिन्नमनस्कतेच्या घरात काय चालते तेही पाहा. गोळी जिभेखाली लपवली का, हे आई रोज तपासते. मुलगा रोज तिच्यावर संशय घेतो. आणि तीस दिवसांत साठ वेळा त्या घरात औषधावरून दोघांची मने कडवट होतात. महिन्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन येणे म्हणजे त्या आईला पुन्हा नुसती आई होऊ देणे आहे. पुष्कळ रुग्ण बरे वाटत असताना स्वतः होऊन सांगतात, की माझे डोके फिरले की मी औषध टाकतो, तेव्हा मला इंजेक्शनच द्या. त्या वाक्यात सक्ती कोठे आहे? उलट, स्वस्थ मनाने अस्वस्थ मनासाठी केलेली ती तजवीज आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तिला आगाऊ निर्देशाचे रूपही दिले आहे : आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे माणसाला आधी लिहून ठेवता येते.

साशंक : त्याच कायद्याने तो निर्देश लिहिणाऱ्याला तो केव्हाही रद्द करता येईल असेही म्हटले आहे. कागद रद्द होतो. कण होत नाही. मंगळवारी इंजेक्शन घेतलेल्या माणसाने, पूर्ण शुद्धीवर असताना, विचार करून, शुक्रवारी आपला निर्देश मागे घेतला, तर त्याच्या स्नायूतील पुढचे आठवडे कोणाच्या हुकमाने चालू आहेत असे आपण म्हणाल? त्याने मंगळवारी दिलेली संमती अजून लागू आहे असे म्हणालात, तर रद्द करण्याचा हक्क पोकळ ठरतो. ती संपली असे म्हणालात, तर ते सारे आठवडे विनासंमतीचा उपचार चालू आहे.

पुरस्कर्ता : याचे उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते आहे असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. एवढे मात्र म्हणेन, की हा प्रश्न दोन आठवड्यांच्या कणाला आणि सहा महिन्यांच्या इंजेक्शनाला सारख्याच वजनाने लागू होत नाही. या रोगासाठीच २०२१ साली अमेरिकेत सहा महिन्यांतून एकदा द्यायचे इंजेक्शन मंजूर झाले. त्यात पॉलिमरही नाही, केवळ अल्पविद्राव्य स्फटिक आहेत, आणि सर्वत्र शर्यत चालली आहे ती मुदत वाढवण्याची. चुकलेल्या मात्रेने होणारी हानी एका पारड्यात आणि परत न घेता येणाऱ्या मात्रेने होणारी हानी दुसऱ्यात घालून, प्रत्येक रोगासाठी मुदत कोठे थांबवावी हे ठरवण्याचे शास्त्र मात्र त्या मानाने बाल्यावस्थेत आहे. माझ्या क्षेत्रातील लोक 'किती काळ टिकेल' हे विचारण्यात तरबेज झाले. 'किती लवकर थांबवता येईल' हे विचारणारे थोडे. त्वचेखाली एकाच ठिकाणी गोळा होऊन राहणारी आणि गरज पडल्यास शस्त्राने काढता येणारी रूपे आहेत. ती कणांइतकी सुटसुटीत नाहीत, टोचताना अधिक दुखतात, पण ती मागे घेता येतात. या दोन्हींत निवड करायची वेळ आली, तर आजवर मी बेधडक कण निवडला असता.

साशंक : आणि आता?

पुरस्कर्ता : आता मी आधी विचारीन, की ही निवड करताना ज्याच्या दंडात ते जायचे आहे तो माणूस खोलीत होता काय. संशोधनाच्या पहिल्या आराखड्यात कणाची मुदत लिहिली जाते ती विक्रीविभाग, वैद्यकीय सल्लागार आणि पेटंटचा वकील यांच्या बैठकीत. तीन महिने की एक महिना, हे तेथे ठरते, आणि पुढची दहा वर्षे रसायनतज्ज्ञ ते तीन महिने साधण्यासाठी आम्लांचे प्रमाण बदलत बसतो. त्या बैठकीत रुग्णाला जागा द्यावी असे मला वाटते. ती कोणत्या रुग्णाला द्यावी, बरा असलेल्याला की आजारी असलेल्याला, हे मात्र मला सांगता येत नाही.

साशंक : दोघांनाही द्यावी असे मी म्हणेन, आणि त्यांचे एकमेकांशी पटणार नाही हे गृहीत धरूनच त्यांना बोलवावे.